डासावर आलेला आळ : मलेशियातल्या डुक्करपालकांचा मेंदूज्वर, १९९८-९९

सप्टेंबर १९९८. मलेशियाच्या पेराक राज्यात इपोह शहराच्या आसपास, किंता जिल्ह्यात, डुकरं पाळणारी माणसं तापाने पडायला लागली. आधी ताप आणि डोकेदुखी, मग गुंगी, काहींना झटके, आणि थोड्याच दिवसांत शुद्ध हरपायची. दवाखान्यात नेलेल्यांपैकी बरेच जण घरी परतले नाहीत. आजारी पडणारे बहुतेक चिनी वंशाचे होते. त्या देशात मलय समाज मुसलमान असल्याने डुकराच्या वाटेला जात नाही, त्यामुळे हा धंदा चिनी कुटुंबांच्या हातात आहे. काही फार्मांवर भारतीय वंशाचे मजूर राबतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

डुकरांचे फार्म, उष्ण आणि ओला मुलूख, भरपूर डास, आणि माणसांना मेंदूचा ताप. एवढं वर्णन ऐकल्यावर आशियातला कोणताही डॉक्टर एकच नाव घेईल : जपानी मेंदूज्वर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ ‘जेई’ म्हणतात तो. मलेशियातही तेच नाव घेतलं गेलं. त्या वेळी मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. म्हणूनच हे प्रकरण मला शिकवण्यासारखं वाटतं. यात कुणी अडाणीपणा केला नाही. उलट पशुपालन आणि डासांच्या रोगांबद्दल जे पक्कं ठाऊक होतं, तेच बरोबर आठवलं, आणि त्यात सुमारे सहा महिने गेले.

आळ पटण्यासारखा होता

जेईचा विषाणू मुळात पाणपक्ष्यांचा. बगळे, ढोकरी, वंचक असल्या पक्ष्यांच्या रक्तात तो फिरत राहतो आणि डास तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतो. हा डास मुख्यतः क्युलेक्स जातीचा, भातखाचराच्या साचलेल्या पाण्यात वाढणारा, संध्याकाळ झाली की घराबाहेर चावणारा. त्याला माणसाचं रक्त फारसं आवडतं असंही नाही. गाई-म्हशी आणि डुकरं मिळाली तर तो तिकडेच जातो. माणूस वाटेत सापडला तर त्यालाही चावतो, एवढंच.

गाय आणि डुक्कर यांत इथे मोठा फरक पडतो. गाय चावून घेते, पण तिच्या अंगात हा विषाणू फारसा वाढत नाही, म्हणून तिला चावलेला डास बहुधा रिकाम्या हाताने परततो. डुकराच्या रक्तात मात्र विषाणू काही दिवस इतका माजतो की त्या काळात चावलेला प्रत्येक डास पुढे रोग नेऊ शकतो. माणूसही गाईसारखाच रस्त्याचा शेवट आहे. त्याच्या रक्तात विषाणू एवढा नसतो की डासाला तो उचलता यावा. म्हणजे जेई झालेल्या माणसापासून दुसऱ्या माणसाला रोग जात नाही. डुक्कर नसेल तर साखळी पक्ष्यांतच घुटमळते. डुक्कर आलं की ती माणसाच्या दाराशी येते.

त्यात आधुनिक वराहपालनाची एक खास गोष्ट मिसळते. मांसासाठी पाळलेलं डुक्कर सहा महिन्यांच्या आसपास कत्तलखान्यात जातं. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती दोन-चार महिन्यांत ओसरते आणि मग उरलेल्या काळात ते पिल्लू विषाणूसाठी मोकळं रान असतं. एकदा लागण होऊन गेली की जनावर पुन्हा विषाणू वाढवत नाही, पण तोवर ते विकलं जातं आणि त्याच्या जागी नवी कोरी पिढी येते. हजारो डुकरांच्या फार्मवर अशी कोरी पिल्लं बारा महिने तयार असतात. शेजारी भातखाचर असेल तर डासांनाही तोटा नाही.

हे सगळं खरं आहे. तेव्हाही खरं होतं, आजही आहे. मलेशियाला जेई दुसऱ्या महायुद्धापासून ठाऊक होता. शिवाय किंता जिल्ह्यातल्या काही रुग्णांच्या रक्तात जेईविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली आणि काहींच्या नमुन्यांत त्या विषाणूचे जनुकीय अंशही मिळाले. संशयाला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला. मग सरकारने जे करायला हवं तेच केलं : धूरफवारणी, डुकरांना जेईची लस, डुक्करपालकांना आणि त्यांच्या घरच्यांना जेईची लस.

माणसं मरायची थांबली नाहीत.

न जुळणारे धागे

आता मागे वळून पाहताना विसंगती एकेक करून मोजणं सोपं आहे. पण त्या वेळी त्या एका ओळीत उभ्या नव्हत्या. वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लोकांच्या डोळ्यांसमोर त्या येत होत्या. आणि प्रत्येकीला स्वतंत्र खुलासा देता येत होता. घात झाला तो तिथे.

पहिली गोष्ट वयाची. जिथे जेई वर्षानुवर्षं असतो तिथे तो मुख्यतः लेकरांचा रोग असतो, कारण मोठ्यांना लहानपणीच नकळत लागण होऊन गेलेली असते. इथे आजारी पडत होते कमावते पुरुष. पुढे क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ९४ रुग्णांचा तपशील प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वय ३७ होतं आणि दर एका बाईमागे साडेचार पुरुष होते. खुलासा? फार्मवर पुरुष जास्त राबतात, त्यांना डास जास्त चावत असतील. पटण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची, आणि सुरुवातीला जे लक्षात ठेवायला सांगितलं ते इथे येतं. डास जात-धर्म बघत नाही. डुक्करवस्तीला लागून मलय कुटुंबंही राहत होती, त्याच हवेत, त्याच डासांत. ती आजारी पडत नव्हती. रोग फार्मच्या कुंपणाशी थांबत होता. डास कुंपणाशी थांबत नाही; क्युलेक्स जातीचे डास सहज किलोमीटर-दोन किलोमीटर उडतात. माझ्या मते सगळ्या धाग्यांत हा सर्वांत बोलका होता. तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नव्हती, गावाचा नकाशा आणि कोणत्या घरात कोण राहतं एवढी माहिती पुरली असती. वर सांगितलेल्या ९४ जणांपैकी ९३ टक्के लोकांचा आजारापूर्वीच्या दोन आठवड्यांत डुकरांशी प्रत्यक्ष संबंध आला होता. डुकरांजवळ राहणं वेगळं आणि डुकरांना हात लावणं वेगळं.

तिसरी गोष्ट घरातली. एका फार्मवरच्या एकाच कुटुंबातले दोघे-तिघे पाठोपाठ पडत होते. जेईत असं क्वचित घडतं, कारण जेईची लागण झालेल्या साधारण २५० माणसांमागे एकालाच मेंदूज्वर होतो, बाकीच्यांना काहीच कळत नाही किंवा साधा ताप येऊन जातो. एका घरात दोन माणसांना मेंदूज्वर व्हायचा तर डासांनी सगळा गाव विषाणूने भिजवायला हवा, आणि मग गावातली पोरंही पडायला हवीत.

चौथी गोष्ट, लस घेतलेलेही आजारी पडले. त्यालाही खुलासा होता. तेव्हाच्या लसीचे एकाहून जास्त डोस लागायचे आणि प्रतिकारशक्ती यायला वेळ जायचा.

आणि पाचवी गोष्ट डुकरांची. ही पशुवैद्यकांची बाजू आहे आणि मला ती सर्वांत जास्त टोचते. जेईत डुक्कर आजारी दिसत नाही. गाभण माद्या गाभडतात, मेलेली किंवा सुकलेली पिल्लं जन्माला येतात, नराचा जोम घटतो, पण वाढीची डुकरं मजेत खात-पीत असतात. इथे मात्र माणसांच्या आधी डुकरंच आजारी पडत होती. वाढीच्या डुकरांना ताप, धाप, तोंड उघडं टाकून श्वास घेणं, आणि एक विचित्र, भुंकल्यासारखा, कर्कश खोकला. मैलभर लांब ऐकू येणारा खोकला असंच त्याला नाव पडलं होतं. काही माद्यांना झटके येत, काही एकाएकी मरत. फार्मवाल्याला हे दिसत होतं, ऐकूही येत होतं. पण मरतूक कमी होती, वाढीच्या डुकरांत शंभरात एक ते पाच. डुकरांच्या फार्मवर खोकला कधी नसतो? स्वाइन फिव्हर असतो, फुप्फुसाचे जिवाणूजन्य रोग असतात. एवढ्या मरतुकीने कोणी हादरत नाही. लागण मात्र जवळजवळ सगळ्या कळपाला होत होती, आणि हे प्रमाण जेईच्या चित्रात कुठेच बसत नव्हतं.

डॉक्टरांच्या कागदावर डुकराचा खोकला नव्हता आणि पशुवैद्यकांच्या कागदावर मालकाचा ताप नव्हता. दोन्ही कागद एका टेबलावर आले असते तर डास बराच आधी सुटला असता.

चाचणीने काय सांगितलं आणि काय नाही

‘रक्तात जेई सापडला’ या वाक्याकडे थोडं थांबून बघू, कारण आपल्याकडेही हे वाक्य वरचेवर ऐकू येतं.

डुकरांच्या फार्मवर आयुष्य घालवलेल्या माणसाला जेईचे डास चावलेलेच असणार. २५० मागे एकालाच आजार होतो, याचाच अर्थ बाकीचे २४९ प्रतिद्रव्यं घेऊन हिंडत असतात. अलीकडच्या लागणीची म्हणून मोजली जाणारी प्रतिद्रव्यंसुद्धा काही आठवडे-महिने रक्तात टिकू शकतात. लस घेतली असेल तर चित्र आणखी गढूळ होतं. शिवाय डेंगीचा विषाणू जेईच्याच घराण्यातला, त्यामुळे एकाच्या चाचणीत दुसऱ्याची सावली पडू शकते. अशा मुलखात मेंदूज्वराच्या रुग्णाच्या रक्तात जेईची खूण मिळाली तर त्यातून एवढंच कळतं की या माणसाला जेईचा डास चावला होता. तो माणूस जेईनेच आजारी आहे का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मणक्यातल्या पाण्यात शोधावं लागतं, आणि किती रुग्णांत खूण सापडली नाही हेही तितक्याच गांभीर्याने मोजावं लागतं. काही रुग्णांत सापडली ही बातमी झाली. बाकीच्यांत सापडली नाही हीसुद्धा बातमीच होती.

त्या साथीत थोडे खरे जेईचे रुग्ण मिसळलेलेही असू शकतात. दोन रोग एका जिल्ह्यात एकाच वेळी नांदू नयेत असा काही नियम नाही.

ट्रक दक्षिणेकडे निघाले

रोग डासाचा असता तर तो पावसाच्या, पाण्याच्या आणि पक्ष्यांच्या वाटेने पसरला असता. हा पसरला महामार्गाने.

पेराकमधले फार्मवाले घाबरले होते. डुकरं खोकताहेत, माणसं मरताहेत, उद्या सरकार काय करेल याचा भरवसा नाही. मग त्यांनी डुकरं मिळेल त्या भावात काढून टाकली. आपल्याकडे बर्ड फ्लूची कुजबूज सुरू झाली की कोंबड्या रातोरात कशा विकल्या जातात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तोट्यात का होईना, हातात पैसा आलेला बरा. ही डुकरं ट्रकांत चढून दक्षिणेला नेगेरी संबिलान राज्यात गेली. १९९८च्या डिसेंबरपासून तिथे रुग्ण दिसू लागले. आधी सिकामात, मग बुकित पेलांदोक आणि त्याच्या आसपासची गावं. बुकित पेलांदोक हा डुक्करपालनाचा मोठा पट्टा होता, शेडला शेड लागून असलेला. साथीचा सर्वांत मोठा भडका इथेच उडाला.

डासांवर फवारणी चालू असताना ट्रकांवर बंधन नव्हतं, कारण डासाच्या रोगात ट्रक आरोपी नसतो. चुकीच्या निदानाची खरी किंमत माझ्या मते इथे मोजावी लागली. फवारणीने तसं कोणाचं नुकसान केलं नाही. जे करायला हवं होतं ते मात्र राहून गेलं. कळपात एकाच सुईने अनेक डुकरांना टोचणं हेही नंतर फार्मच्या आतल्या फैलावाच्या संभाव्य कारणांत धरलं गेलं. डुकरांच्या लसीकरणाबद्दल वाचताना हे वाक्य मनात घोळत राहतं.

मार्च १९९९मध्ये सिंगापूरच्या कत्तलखान्यातले कामगार आजारी पडले. एकूण ११ जण, त्यांतला एक दगावला. मलेशियातून आलेली डुकरं ते कापत होते. सिंगापूरने आयात थांबवली आणि कत्तलखाने बंद केले. सिंगापूर म्हणजे डासांवर करडी नजर ठेवणारं शहर; तिथेसुद्धा आजार फक्त डुकराला हात लावणाऱ्यांना झाला.

पेशींचे गोळे

मलाया विद्यापीठात चुआ काव बिंग हे विषाणुतज्ज्ञ या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्याचे नमुने पेशींवर वाढवून पाहत होते. मार्च १९९९च्या सुरुवातीला त्यांना दिसलं की पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे बनत आहेत. अशी खूण गोवर, गालगुंड यांच्या घराण्यातले विषाणू ठेवतात. जेईची ही सही नव्हे. ज्या रुग्णांचे हे नमुने होते त्यांतला एक बुकित पेलांदोकजवळच्या सुंगाई निपाह या गावचा होता. सुंगाई म्हणजे नदी आणि निपाह म्हणजे खाडीकाठी वाढणारा एक पाम. विषाणूला पुढे त्या गावाचं नाव मिळालं.

चुआ नमुने घेऊन अमेरिकेला गेले. पहिला मुक्काम कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, म्हणजे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या त्या प्रयोगशाळेत जिथे डासांनी पसरणाऱ्या विषाणूंचाच अभ्यास चालतो. संशय डासावर, त्यामुळे पत्ताही डासांच्या प्रयोगशाळेचा. तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचा आकार पाहिल्यावर उलगडा झाला : हा पॅरामिक्झोव्हायरस, म्हणजे गोवर-गालगुंडाच्या घराण्यातला, डासांच्या खात्यातला नाही. नमुने अटलांटाला, सीडीसीच्या मुख्यालयात गेले. ऑस्ट्रेलियात १९९४मध्ये घोड्यांत आणि त्यांच्या प्रशिक्षकात सापडलेल्या हेंड्रा विषाणूचा हा भाऊबंद निघाला. हेंड्राच्या मुळाशी फळं खाणारी मोठी वटवाघळं होती, त्यामुळे पुढचा शोध कुठे घ्यायचा हेही लगेच कळलं.

त्यानंतरची कारवाई झपाट्याने झाली आणि ती भीषण होती. डुकरांची वाहतूक बंद झाली, गावं रिकामी झाली, लष्कराचे जवान उतरले. एप्रिल १९९९ अखेरपर्यंत लागण झालेल्या भागांतल्या ८९६ फार्मांवरची नऊ लाखांहून अधिक डुकरं मारून पुरली गेली. मग देशभर रक्ततपासणी झाली. ८८९ फार्म तपासले, त्यांतल्या ५० ठिकाणी खूण सापडली, आणि आणखी सुमारे १ लाख ७३ हजार डुकरं गेली. माणसांत एकूण २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू अशी नोंद झाली. देशातली डुकरांची संख्या सुमारे २४ लाखांवरून १३ लाखांवर आली आणि निम्म्याहून अधिक फार्म बंद पडले. वाहतूकबंदी आणि कत्तल यांनी साथ आटोक्यात आली, ही गोष्टच निदानाचा शेवटचा पुरावा ठरली. डास तर तसेच होते.

शेडवर वाकलेली आंब्याची फांदी

वटवाघळातला विषाणू डुकरात कसा आला? उत्तर फार्मच्या मांडणीत सापडलं. ते इतकं घरगुती आहे की आपल्याकडच्या कोणत्याही प्रगतिशील शेतकऱ्याने तसंच केलं असतं.

जिथून साथ सुरू झाली असं मानतात तो फार्म इपोहजवळ तांबूनला होता. तिथे तीस हजारांच्या आसपास डुकरं होती. जोडधंदा म्हणून शेडच्या कडेने आंबा आणि इतर फळझाडं लावलेली. डुकराची लीद खत म्हणून फुकट, सावलीही मिळते, फळांचे वरकड पैसे. एकात्मिक शेतीच्या पाठ्यपुस्तकात शोभेल असं चित्र. रात्री मोठी वटवाघळं त्या झाडांवर येत. अर्धवट खाल्लेली, लाळ लागलेली फळं खाली शेडमध्ये पडत, सोबत मूत्रही. डुक्कर पडलेलं फळ सोडत नाही. पुढे चुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तियोमान बेटावरच्या वटवाघळांच्या मूत्रातून आणि त्यांनी उष्ट्या केलेल्या फळावरून हाच विषाणू वेगळा केला.

पण फळ पडणं तर पूर्वीही होत असणार. मग १९९८लाच का? जुने कागद तपासल्यावर दिसलं की त्या भागात १९९७च्या सुरुवातीपासूनच तुरळक मेंदूज्वर झाला होता. नंतरच्या अभ्यासकांनी फार्मच्या नोंदींवरून मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. विषाणू पहिल्यांदा कळपात शिरला तेव्हा त्याने एका झटक्यात सगळी डुकरं गाठली आणि संपला, कारण लागण व्हायला कोणी उरलंच नाही. दुसऱ्यांदा शिरला तेव्हा कळपात काही प्रतिकारक्षम माद्या होत्या. त्यांच्या पिल्लांना आईची तात्पुरती प्रतिकारशक्ती मिळत होती आणि ती वेगवेगळ्या वेळी ओसरत होती. त्यामुळे विषाणूला रोज थोडी-थोडी नवी डुकरं मिळत गेली आणि वणव्याऐवजी धुनी पेटली, महिनोन् महिने जळणारी. लहान फार्मवर ती विझली असती. एवढ्या मोठ्या फार्मवर ती विझायचं कारण नव्हतं.

नवी कोरी पिल्लं सतत पुरवणारा मोठा कळप, हे वर जेईच्या बाबतीत लिहिलंच आहे. म्हणजे निदान चुकलं तरी धोक्याची जागा बरोबर हेरली गेली होती. डुकरांची गर्दी आणि त्यांची पटापट होणारी अदलाबदल दोन्ही रोगांना पोसते. जेईत विषाणूला कळपाबाहेर यायला डास लागतो. निपाहला डुकराचा खोकला, शेंबूड आणि मूत्र पुरतं.

मलेशियाने नंतर शेडजवळ फळझाडं लावायला मनाई केली, पालन ठरावीक पट्ट्यांत हलवायला लावलं, आणि बुकित पेलांदोकमधलं डुक्करपालन कायमचं बंद झालं.

आपल्या बाजूने

या प्रकरणाचा सांगावा ‘डास निर्दोष’ असा कोणी काढू नये. विदर्भाच्या पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा भातखाचरांचा मुलूख आहे. बगळे आहेत, पाणी आहे, डुकरं आहेत. तिथे पावसाळा सरताना एखादं लेकरू तापाने बेशुद्ध झालं तर जेईचा विचार पहिला झालाच पाहिजे, आणि लस चुकवू नये. भारतात जेईची पहिली नोंद १९५५ची, वेल्लोरची. १९७३मध्ये पश्चिम बंगालातल्या बांकुऱ्यात मोठी साथ आली, आणि २००५मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात शेकड्यांनी मुलं गेली. डुक्कर आणि डास यांची जोडी इथे खरोखरच मारते.

पण याच विदर्भाने दुसरं उदाहरणही दिलं आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातून १९६५मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेने एक विषाणू वेगळा केला. मुलांच्या मोठ्या साथीशी त्याचं नाव जोडलं जायला २००३ उजाडावं लागलं. त्या वर्षी आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि १८३ दगावली. तिथेही जेई तपासून बाजूला करावा लागला, तेव्हा चांदीपुरा पुढे आला. त्याचा वाहक डास नाही, भेगाळलेल्या भिंतीत आणि गोठ्याच्या ओलीत राहणारी वाळूमाशी आहे. डुकरांचा इथे काही संबंध नाही, आणि डासासाठी गटारावर टाकलेलं औषध भिंतीतल्या वाळूमाशीपर्यंत पोचत नाही.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरने मेंदूज्वराचा कागद भरताना ‘घराजवळ डुकरं आहेत का’ एवढंच विचारून थांबू नये असं मला वाटतं. डुकरांना हात कोण लावतं, जनावरं आजारी आहेत का, कशी आजारी आहेत, नुकती कुठून विकत आणली किंवा कुठे विकली, शेजारच्या जनावरं नसलेल्या घरात कोणी पडलं का, हेही विचारावं. आणि पशुवैद्यकाने गोठ्यातून निघताना मालकाच्या घरच्यांची तब्येत विचारावी. दोन मिनिटं लागतात.

मलेशियातली साथ विझून दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारी २००१मध्ये, पश्चिम बंगालातल्या सिलिगुडीत माणसं मेंदूज्वराने पडू लागली. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू. तो भाग जेईचा, त्यामुळे पहिला संशय पुन्हा जेईवरच गेला. पण आजारी मोठी माणसं होती, आणि त्यांतले बरेच जण रुग्णालयातले कर्मचारी आणि रुग्णांना भेटायला आलेले लोक होते. डासाचा रोग असा वॉर्डावॉर्डातून फिरत नाही. त्या वेळी विषाणूचं नाव काही ठरलं नाही. जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : निपाह. मलेशियाचं प्रकरण पाठ करून ठेवलेल्या माणसाने सिलिगुडीत आधी डुकरं शोधली असती. तिथे डुकरांचा संबंधच नव्हता. रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात होता.